गाणी तीस पाठ, बोलणं तीन शब्दांचं

पत्राचा सारांश: मुलगा सव्वाचार वर्षांचा. तीसेक गाणी पाठ, निम्मी मराठी, निम्मी इंग्रजी. घरात सगळे मराठीच बोलतात. ‘अ’ ते ‘ज्ञ’ हे वर्णमालेचं गाणं तो न अडखळता म्हणतो, पण कागदावरचा ‘क’ दाखवला की गप्प. एरवीचं बोलणं ‘मला गाडी दे’, ‘बाबा कुठे गेला’ एवढंच. बाहेरच्या माणसांना त्याचं बोलणं निम्मंही कळत नाही. बाई म्हणाल्या, ‘घरी गाणी लावत जा’, म्हणून दिवसातले तीन-चार तास घरात गाणी चालू असतात, बरीचशी फोनवरच्या व्हिडिओंमधून. आई विचारते: अजून गाणी वाढवू का? कीबोर्डचा क्लास लावू का? इंग्रजी गाणी बंद करू का? आणि मी बेसूर आहे, गायला लागले की तो माझ्या तोंडावर हात ठेवतो, मग रेकॉर्डिंगच बरं ना?

– एक आई

नमस्कार,

तीस गाणी पाठ असणं ही लहान गोष्ट नाही. चाल, ठेका आणि शब्दांचा क्रम त्याच्या डोक्यात पक्का बसतो आहे. पण ‘गाणं येतं’ आणि ‘गाण्यातले शब्द येतात’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या चारही प्रश्नांखाली त्या एकच धरल्या गेल्या आहेत.

गाणं मुलाच्या डोक्यात एकसंध गोळा होऊन बसतं. चाल शब्दांना इतकी घट्ट चिकटवते की एक शब्द सुटा काढता येत नाही. मोठ्यांचंही तेच होतं. ‘न’च्या आधीचं अक्षर विचारलं तर बहुतेकांना मनात ‘त थ द ध’ म्हणत तिथवर यावं लागतं. पाठांतरासाठी हा चिकटपणा सोयीचा असतो, भाषेसाठी तो थोडा सैल करावा लागतो. म्हणून गाणी वाढवायची गरज नाही. आहेत त्यातली चार-पाच उसवायची आहेत.

कुठे काय अडलं आहे ते आज रात्रीच पाहता येईल. त्याचं आवडतं गाणं तिसऱ्या ओळीपासून सुरू करा आणि तो पुढे जातो का बघा. मग त्यातला एक शब्द मुद्दाम चुकीचा म्हणा, ‘ससा’च्या जागी ‘चमचा’. तो हसला, रागावला किंवा तुम्हाला सुधारलं, तर शब्द त्याला सुटा ऐकू येतो आहे. तसाच पुढे गेला तर तो फक्त नाद म्हणतो आहे. शेवटी गाण्यातली एखादी वस्तू गाण्याबाहेर, चित्रात किंवा घरात दाखवून ‘हे काय?’ विचारा. तीस गाणी पाठ असलेल्या मुलाला त्यातले बरेच शब्द चित्रात ओळखता येत नाहीत, असं पुष्कळदा निघतं. निघालं तर घाबरू नका, कामाला कुठून लागायचं ते कळलं.

पण त्याआधी कान तपासून घ्या. ‘इतकं छान गातो, म्हणजे ऐकू येतंच’ हा तर्क चुकीचा आहे. चाल मुख्यतः खालच्या कंपनसंख्यांवर कळते. स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा नाद वरच्या कंपनसंख्यांत असतो. फक्त वरचं कमी ऐकू येत असेल तर मूल सूर बरोबर धरतं आणि शब्द मात्र अर्धवट उच्चारतं. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिलं तर आवाज दबून येतो, आणि तेही दुखत नसल्यामुळे लक्षात येत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं त्याची चाचणी) आणि टिंपॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का त्याची) दोन्ही करून घ्या. या वयात पहिली चाचणी खेळातून होते (आवाज आला की ठोकळा टाकायचा), टोचाटोची नसते.

बरोबरीने स्पीच थेरपिस्टची भेटही ठरवा. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या २०२२ मध्ये सुधारलेल्या यादीत चौथ्या वर्षाचा टप्पा म्हणून चार किंवा अधिक शब्दांची वाक्यं दिली आहेत. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका, कारण इंग्रजीत तीन शब्द लागतात तिथे आपलं ‘बागेत’ एका शब्दात भागतं. त्यापेक्षा तो दोन गोष्टी जोडतो का ते पाहा: ‘म्हणून’, ‘मग’, ‘पण’ हे शब्द बोलण्यात येतात का? घडलेली गोष्ट सांगतो का? सव्वाचाराव्या वर्षी परक्या माणसाला बोलणं निम्मंही कळत नसेल तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. खाली लिहिते ते थेरपीसोबत करायचं आहे, थेरपीऐवजी नव्हे.

आता त्या तीन-चार तासांबद्दल. गाणी बंद करा. कायमची नव्हेत, पार्श्वभूमीतली. घरात सतत काही वाजत असलं की लहान मुलाला त्या गलबल्यातून माणसाचे शब्द वेगळे काढणं मोठ्यांपेक्षा बरंच जड जातं. शिवाय गाणी चालू असताना घरातली माणसंही कमी बोलतात, हे एक दिवस लक्ष ठेवून पाहा. संगीत नुसतं कानावर पडलं की बुद्धी वाढते ही समजूत ज्या प्रयोगावरून पसरली, तो १९९३चा प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता. मोझार्टची रचना १० मिनिटं ऐकल्यावर आकृत्यांच्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले आणि तो परिणाम पाव तासाच्या आत ओसरला. लहान मुलांचा आणि भाषेचा त्यात संबंधच नव्हता.

व्हिडिओचं निराळं आहे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजीभाषक घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना सुमारे २५ मिनिटांच्या १२ बैठकांत मँडरिन चिनी ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून ऐकलेली बाळं त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखायला शिकली. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर किंवा नुसत्या ध्वनिफितीवर ऐकलेली बाळं शिकली नाहीत. तुमचा मुलगा बाळ नाही, त्यामुळे पडद्यावरून तो काहीच शिकत नाही असं म्हणता येणार नाही. पण पडदा त्याच्यासाठी थांबत नाही आणि तुम्ही थांबू शकता, हा फरक चौथ्या वर्षीही तेवढाच मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितली आहे. तेवढ्यात त्याची लाडकी गाणी बसवा. बाकीचं गाणं तुमच्या तोंडून, दिवसातून दोन-तीनदा, आठ-दहा मिनिटं.

गाणं निवडताना चार ते सहा ओळींचं घ्या. एका सुरावर एकच अक्षर येणारं असावं, ताना-हरकती नकोत. निम्मे तरी शब्द हाताने किंवा अंगाने दाखवता येणारे असावेत. आणि वेग इतकाच, की हातवारे शब्दाच्या मागे पडू नयेत. व्हिडिओतली गाणी बहुधा इथेच नापास होतात. उदाहरणासाठी चार ओळी जुळवल्या आहेत, चाल कुठलीही लावा:

होडी चालली डुलत डुलत,
मागून लाटा झुलत झुलत,
होडीत कोण? होडीत ससा!
ससा बसला सांगा कसा? – असा!

पहिले दोन-तीन दिवस नुसतं म्हणा, समोरासमोर बसून, त्याला तुमचे ओठ दिसतील असं. गाऊन झालं की गाण्यातला एखादा शब्द साध्या बोलण्यात आणा: ‘बघ, तुझ्या टबातली होडी पण डुलतेय.’ ही पायरी बहुतेक घरांत गळते, आणि ती महत्त्वाची आहे, कारण चालीत स्वर ताणले जातात, ‘ससा’चा ‘ससाऽऽ’ होतो. बोलण्यातला शब्द वेगळा ऐकू आल्याशिवाय मूल तो बोलण्यात वापरत नाही.

मग ओळीचा शेवटचा शब्द गाळा. ‘होडी चालली डुलत...’ म्हणून थांबा, भुवया वर करा, त्याच्याकडे बघत राहा. मनात पाचपर्यंत मोजा, हवं तर दहापर्यंत. मोठ्यांना ही शांतता असह्य होते आणि दुसऱ्या सेकंदाला आपणच शब्द भरून टाकतो, सगळा घोटाळा तिथे आहे. तो नुसतं डुलून दाखवील, तेही उत्तर धरा आणि शब्द तुम्ही म्हणा. ‘म्हण ना, म्हण!’ हे मात्र टाळा, त्याने खेळाची परीक्षा होते.

शेवटचा शब्द सहज येऊ लागला की मधला गाळा, आणि मग शब्द बदला. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण मराठीचं व्याकरण या अदलाबदलीत जिवंत होतं. ‘ससा बसला कसा? असा!’ पण सशाच्या जागी चिमणी आली की ‘चिमणी बसली कशी? अशी!’ आणि पाखरू आलं की ‘पाखरू बसलं कसं? असं!’ एक नाम बदललं आणि तीन शब्द बदलले. दोन ससे आले तर ‘ससे बसले कसे? असे!’ मग ‘होडीत’चं ‘होडीवर’, ‘होडीखाली’, ‘होडीमागे’ करा, प्रत्येक वेळी खेळणं तिथे ठेवून. लिंग, वचन, विभक्ती हे शब्द न उच्चारता तो त्यांचा रियाज करतो. तो ‘चिमणी बसला’ म्हणाला तर ‘चूक’ म्हणू नका. ‘हो, चिमणी बसली! कशी? अशी!’ म्हणून बरोबर रूप त्याला परत ऐकवा. यमक बिघडलं तरी बिघडू द्या, ‘होडीत हत्ती’ आला आणि होडी बुडाली, तर त्यावर पाच मिनिटं गप्पा होतात. त्या गप्पांसाठीच तर गाणं म्हणायचं.

वाचनाकडे जाणारी वाट इथून पुढची. अक्षर ओळखण्याआधी मुलाला कळावं लागतं की बोललेला शब्द तुकड्यांनी बनलेला असतो. आधी शब्दाचे ठोके, मग यमक, मग पहिला ध्वनी, असा साधारण चढता क्रम आहे. ठोके टाळ्यांनी मोजतात, आणि इथे मराठीत एक खाच आहे जी मोठ्यांच्या लक्षात येत नाही. ‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरं, पण बोलताना ‘क-मळ’ असे दोन ठोके. ‘घर’ दोन अक्षरं, ठोका एक. ‘खिडकी’ तीन अक्षरं, ठोके ‘खिड-की’ दोनच. ‘पुस्तक’ तर लिहिताना पु-स्त-क आणि बोलताना पुस्-तक. आपल्याला वाचता येत असल्यामुळे आपण अक्षरांच्या टाळ्या वाजवतो, तो कानाच्या वाजवतो, आणि आपण त्याला ‘चुकलं’ म्हणतो. बरोबर तोच असतो. हा गोंधळ टाळायला सुरुवातीला प्रत्येक अक्षराला स्वर स्पष्ट असलेले शब्द घ्या: होडी, मासा, गाडी, चेंडू, बाहुली. यांत अक्षरं आणि ठोके जुळतात. ‘घर-कमळ’वाले शब्द महिनाभराने.

यमकासाठी ‘डुलत, झुलत... आणि?’ असं विचारून काहीही चालेल असं सांगा, ‘फुलत’ चालेल, ‘मुलत’ही चालेल. निरर्थक शब्द इथे कौतुकाचा, कारण तो नुसत्या कानाने घडवलेला असतो. मग तीन शब्दांतला वेगळा ओळखायचा: ससा, घसा, होडी. सीडीसीच्या त्याच यादीत सोपं यमक ओळखणं किंवा जुळवणं हा पाचव्या वर्षाचा टप्पा आहे, त्यामुळे तुमच्या मुलाला आज जमलं नाही तर मागे पडला असं समजू नका.

वेगळा शब्द ओळखण्याच्या या खेळाला भक्कम आधार आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी ४-५ वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. असे शब्द ओळखण्यात जी मुलं पुढे होती, ती काही वर्षांनी वाचनातही पुढे निघाली. काही मुलांना त्यांनी या खेळाचा सरावही दिला. त्यांतही ज्यांना ध्वनीबरोबर प्लास्टिकची अक्षरं हाताळायला दिली होती, त्यांची प्रगती सगळ्यात जास्त झाली. तेव्हा नुसता कान पुरत नाही, कान आणि डोळा एकत्र आणावे लागतात.

वर्णमालेचं गाणं नेमकं इथे फसतं. त्यात कान आहे, डोळा नाही, आणि वेगामुळे ‘कखगघङ’ हा मुलाला एकच लांब शब्द वाटतो. ते मोडू नका, म्हणू द्या, त्याचा त्याला अभिमान असेल. पण शिकवण्याचं साधन म्हणून बाजूला ठेवा. बाराखडीच्या चालीचंही तेच: ‘का कि की कु कू’ ओळीत येतं, सुटा ‘कू’ ओळखता येत नाही.

त्याऐवजी होडीचं गाणं मोठ्या कागदावर लिहा. अक्षर दीड-दोन सेंटिमीटर उंच, दोन शब्दांमध्ये त्याचं बोट मावेल इतकी जागा, एका ओळीत गाण्याची एकच ओळ. प्रत्येक शब्दाखाली ठिपका काढा. हळू गात शब्दागणिक एका ठिपक्यावर बोट ठेवायचं, पुढच्या शब्दाला बोट उचलायचं. सुरुवातीला त्याचं बोट ‘हो’ला पहिल्या शब्दावर आणि ‘डी’ला दुसऱ्यावर जाईल. ठोका आणि शब्द यांतला फरक त्याला अजून कळलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा हात धरून ओढू नका, तुमचं बोट त्याच्या बोटाशेजारी चालवा. बोट जुळायला लागलं की ‘यात ससा कुठे लिहिलाय?’ विचारा. सापडला की त्यातला ‘स’ कात्रीने कापलेल्या कार्डावर द्या आणि कागदावर आणखी कुठे आहे ते शोधायला लावा.

एका वेळी तीनच अक्षरं घ्या, दिसायला अगदी वेगळी: ‘स’, ‘ह’, ‘ग’ चालतील, किंवा त्याच्या नावातली. घ-ध, भ-म, ब-व, प-ष या जोड्या एकत्र आणू नका. नीट ओळखू येणारी अक्षरंही या जोड्यांमुळे पुन्हा डळमळतात. आठवड्याला दोन अक्षरं पक्की झाली तर वेग उत्तम आहे.

कीबोर्डच्या क्लासबद्दल थोडक्यात. २०१५ मध्ये १३ अभ्यासांचा (एकूण ९०१ मुलं) एकत्र आढावा घेतला गेला. संगीतशिक्षणाने ध्वनींची जाण थोडी सुधारते असं दिसलं, यमकाच्या बाबतीत तर त्यासाठी ४० तासांच्या आसपास शिक्षण लागलं, आणि वाचनाच्या ओघावर खात्रीचा परिणाम दिसला नाही. म्हणजे त्याला कीबोर्ड आवडत असेल तर लावा, संगीतासाठी लावा. बोलणं सुधारेल म्हणून लावू नका. लावायचाच तर गटात गाणं, टाळ्या, चालणं-थांबणं असलेला वर्ग बघा. बाकावर बसून बोटांचे क्रमांक पाठ करायला सव्वाचार हे वय लहान आहे.

इंग्रजी गाणी बंद करायची गरज नाही. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. फक्त वरची उसवायची गाणी तुम्हाला जी भाषा सहज येते तिच्यातली घ्या, कारण गाण्यानंतरच्या गप्पा त्याच भाषेत व्हायच्या आहेत. ‘बसली-बसलं’चा खेळ उसन्या भाषेत रंगत नाही.

दीड-दोन महिने हे करा. वहीत एकच नोंद ठेवा: गाण्यातला कुठला शब्द त्याने गाण्याबाहेर, स्वतःहून, कामासाठी वापरला आणि त्याच्यासोबत आणखी कोणता शब्द जोडला. किती गाणी पाठ झाली ते लिहूच नका. दोन महिन्यांत या वहीत काहीच भर पडली नाही तर ती घेऊन थेरपिस्टकडे जा, त्यांना ती फार उपयोगी पडेल.

राहिला तुमच्या तोंडावरचा हात. तो तुम्ही बेसूर आहात म्हणून नसावा. त्याच्या डोक्यात त्या गाण्याची एकच आवृत्ती आहे, त्याच पट्टीतली, त्याच वेगाची, त्याच वाद्यांची. तुम्ही गाता ते वेगळं निघतं आणि त्याला मोडल्यासारखं वाटतं. शिवाय मोठी माणसं सवयीने खालच्या पट्टीत गातात, जिथे या वयाच्या मुलाचा आवाज पोहोचत नाही. पेटी किंवा फोनवरचं पेटीचं अ‍ॅप असेल तर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनचा (अ‍ॅपवर D) सा धरा. सा ते प एवढ्यात गाणं बसलं तर त्याला सोबत गाता येईल. सूर धरवतच नसेल तर नुसत्या ठेक्यात म्हणा, मांडीवर थाप देत. यमक, ठोके, गाळलेला शब्द, बदललेला शब्द, यांतल्या कशालाही सूर लागत नाही.

आणि सुरुवात त्याच्या पाठ गाण्यांतून करू नका, त्यातली चार-पाच उसवायला नंतर घ्या. ज्याचं रेकॉर्डिंग कुठेच नाही असं काहीतरी घ्या. उद्या सकाळी बूट घालताना त्याचं नाव घालून दोन ओळी जुळवा, ‘एका पायात बूट, दुसऱ्या पायात...’ आणि तिथे थांबा. तो हात तोंडाकडे आणेल किंवा दुसरा बूट पुढे करेल.